मेरुमण्याच्या पलीकडून

शेकोटी जरा अलीकडे ओढा, मुलांनो, आणि पाठीवर पांघरूण घ्या. मार्गशीर्षातला गारठा मागून येतो. आपल्या पदयात्रेत सर्वांत मागे चालणाऱ्याच्या हाती घंटी का देतात, त्याने तोंडाने साद का द्यायची नाही, असे अस्मिताने आज वाटेत विचारले होते. ते वाटेत सांगण्यासारखे नव्हते. आता मुक्कामी पोचलो आहोत, देवापुढे समई तेवते आहे, तेव्हा सांगायला हरकत नाही. सुमीत, तुला हसायचे असेल तर आधीच हसून घे.

ही हकिकत हरिभाऊंची. तुमच्यापैकी काहींनी त्यांना पाहिले आहे. भजनात उजवीकडच्या खांबाला टेकून बसतात, टाळी अचूक देतात, ओठ हलतात आणि आवाज मात्र येत नाही, तेच ते. गेल्या वर्षीपर्यंत आपल्या देवळात पहिला सूर त्यांचा असे.

मार्गशीर्ष शुद्ध चतुर्दशी होती, शुक्रवार. दुपारी हरिभाऊ समुद्रपूरच्या बाजारात गुडघ्याला बांधायचा पट्टा शोधत होते. आपली पदयात्रा तुम्हाला ठाऊकच आहे. नाचणगावला वर्धा नदीचे पाणी कमंडलूत भरून घ्यायचे, कालव्याच्या काठाने आणि शेतांमधल्या पांदणींनी जिल्हा आडवा चालत यायचे आणि दत्तजयंतीच्या पहाटे गिरडकडच्या टेकडीवर दत्तगुरूंच्या पादुकांवर ते पाणी घालायचे. अवघी वाट पायी. मुक्कामाला पोचल्यावर इंदिराबाईंचा, म्हणजे हरिभाऊंच्या पत्नीचा, गुडघा भोपळ्यासारखा सुजला होता. यात्रेच्या पुढे चालणारे मनोहरराव म्हणाले, "वहिनींनी उद्या गाडीनं यावं." इंदिराबाईंनी त्यांच्याकडे असे पाहिले की मनोहरराव पुन्हा गाडीचे नाव काढते ना. म्हणून हरिभाऊ यष्टीने समुद्रपूरला आले.

औषधांच्या दुकानातल्या माणसाने पट्टा दिला आणि म्हणाला, "काका, काकूले बसनं न्या ना. देव काय तिकीट पाह्यते?"

"बाप्पा, तिले बसवायले गेलो तं ती मलेच बसमधी कोंबून देईन, अन् मांगून पायी येईन."

संध्याकाळी मुक्कामावर इंदिराबाईंनी पट्टा हातात घेऊन उलटापालटा केला. "माप कोणाच्या गुडघ्याचं नेलतं? म्हशीच्या?"

"तूच म्हणे सुजला हाय म्हणून."

"सुजला हाय. हत्तीरोग नाई झाला." असे म्हणत त्यांनी दुमडून दुमडून पट्टा बांधला, आणि उठून चालून दाखवले. हरिभाऊंनी देवाला हात जोडले. संसारात ती दोघेच. मूलबाळ नव्हते, आणि त्याची खंत त्यांनी फार वर्षांपूर्वी देवाच्या पायाशी ठेवून दिली होती. हरिभाऊंचे त्या रात्री एकच मागणे होते: इंदिरेने पादुकांवर पाणी घालावे आणि तिला सुखरूप घरी न्यावे. अधिक काही नाही.

आता आपली जुनी रीत सांगतो, कारण पुढचे सारे तिच्यावर आहे. रात्री चालताना मनोहरराव पुढून "जय हरी" म्हणत. ते नाम एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असे मागे मागे येत जाई. सर्वांत मागचा तो पाठराखा. त्याने दोनदा "जय हरी, जय हरी" म्हटले की पुढच्याला कळे, ओळ शाबूत आहे. मनोहरराव त्याला मेरुमणी म्हणत. जपाची माळ फिरते, फिरते आणि मेरूशी येऊन थांबते. मेरू ओलांडायचा नसतो. आणि पाठराख्याचे एक व्रत होते. कोणी वहाणेतला काटा काढायला थांबले, कोणी आडोशाला गेले, तर ते मागून "जय हरी" म्हणणार. त्या नामाला पाठराख्याने ओ द्यायची आणि थांबायचे. देवाचे नाव कानी पडले आणि ओठ मिटलेले राहिले, तर ते ओठ मातीचे, असे हरिभाऊ नेहमी म्हणत. पाठराखेपण त्यांच्याकडेच असे.

मध्यरात्र उलटल्यावर मंडळी निघाली. चांदणे दुधासारखे होते. कापसाची शेते मागे पडली, हरभऱ्याच्या रोपांवर दव चमकत होते. कुठेतरी रानडुकरांना हाकायला कोणी डबा बडवत होते. इंदिराबाई हरिभाऊंच्या चार पावले पुढे, नेहमीसारख्या.

"अहो, टॉर्च माह्या पायाले दाखवा. आभाळाले काय दाखवता? चांदोबाले दिसते."

"तुह्या पायानं वाट दिसून राह्यली तं टॉर्च कायले?"

"मंग बंद करा. सेल तरी वाचतीन."

दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीची तूर आणि मधून बैलगाडीपुरती पांदण, अशी वाट जिथे सुरू होते, तिथे एका धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, शेकोटी पेटली होती. शेजारी गुणवंता नावाचा शेतकरी जागल करत बसला होता. पिकाची रात्रीची राखण म्हणजे जागल. तो उठून पुढे आला. मनोहररावांनी रामराम केला.

"साहेब, ह्या पांदणीतून तोंड बंद ठेवून जाजा," तो म्हणाला. "मांगून कोणी आवाज देल्ला तं ओ देऊ नोका."

मनोहरराव हसले. "आम्ही देवाचं नाव घेत चाललो आहोत, दादा. आम्हाला कोण आवाज देणार?"

"थो बी देवाचंच नाव घेते."

गुणवंताने पायानेच एक ओंडका आत सरकवला. "आमी जागलकरी इथं एकमेकाले नावानं नाई बलावत. डबा वाजवतो. माह्या चुलत्यानं ओ देल्ली होती एकदा."

"मग? काय झालं त्यांचं?" कमलाबाईंनी विचारले. त्या यात्रेतल्या सर्वांत वयस्क.

"जिता हाय. घरीच बसून राह्यते." तो मावळतीच्या चंद्राकडे पाहून म्हणाला, "चांद बुडाच्या आंधी पांदण सोडा."

मनोहरराव शिक्षक होते, भित्रे नव्हते. पण ज्याच्या शेतातून जायचे त्याचा शब्द राखावा, एवढा विवेक त्यांच्यापाशी होता. त्यांनी सर्वांना सांगितले, "पांदण सरेपर्यंत साद बंद. नाम मनातल्या मनात."

ओळ तुरीत शिरली.

गुडघ्यामुळे इंदिराबाईंची चाल मंदावत गेली. पुढची माणसे वळणाआड गेली. आधी त्यांचे टॉर्च दिसत, मग नुसता उजेड दिसे, मग तोही दिसेना. चंद्र तुरीच्या शेंड्यांना टेकला. खालून धुके उठू लागले. हरिभाऊ मनात नाम घेत होते आणि पत्नीच्या पाठीवरच्या शालीकडे पाहत चालले होते. पांदण अर्धी सरली असेल. चंद्र बुडाला.

तेव्हा मागून आवाज आला.

"जय हरी..."

थकलेला. दमेकऱ्यासारखा. बाईचा की पुरुषाचा, कळेना.

हरिभाऊ थबकले. मागे टॉर्च टाकला. धुके आणि चाकोऱ्या. त्यांच्या मनात आले, कमलाबाई तर मागे राहिल्या नाहीत? शेकोटीपाशी त्या पुढे होत्या. होत्या ना? गुणवंताचे शब्द आठवले. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि ते चालू लागले.

"जय हरी..."

या खेपेला जवळून. आणि शेवटी एक हुंदका.

आता मुलांनो, हरिभाऊंच्या जागी तुम्ही असता तर पळाला असता. तुमचे काही बिघडले नसते, कारण तुम्ही हाकेला हाक समजता. त्या माणसाने सारे आयुष्य हाकेला देव समजून काढले होते. मागे एखादी म्हातारी अंधारात बसली असेल, देवाचे नाव घेऊन रडत असेल, आणि पाठराखा ते ऐकून पुढे जातो आहे... हे त्यांना सोसेना. पाय चालत होते आणि मन जागच्या जागी उभे होते.

तिसऱ्यांदा आवाज अगदी खांद्यापाशी आला. कुजबुजल्यासारखा.

"जय... हरी..."

हरिभाऊंनी ओ दिली. "जय हरी, जय हरी."

दोनदा. रीतीप्रमाणे.

मागे सारे शांत झाले. इतके शांत, की रातकिडेही थांबले. हरिभाऊंच्या घशातून काहीतरी गार उतरून गेले. दवाचा घोट घ्यावा तसे. त्यांनी टॉर्च फिरवला. कोणी नव्हते.

"इंदिरे," म्हणावे म्हणून त्यांनी तोंड उघडले.

आवाज फुटला नाही.

त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. श्वास गेला, ओठ हलले. शब्द नाही. मग त्यांनी नाम घ्यायचा प्रयत्न केला. लहानपणापासून जे कधी घ्यावे लागले नाही, आपसूक येत राहिले, ते नाम. तेही आले नाही.

आणि डाव्या बाजूच्या तुरीतून, थोडे पुढून, कोणी खाकरले. बोलण्याआधी हरिभाऊ खाकरत, तसेच.

"इंदिरे, इकडून ये. तिकडं चिखल हाय."

आवाज हरिभाऊंचा होता.

इंदिराबाई थांबल्या. "आता तुमी पुढं कधी गेलता?" त्यांच्या बोलण्यात हसू होते. "अन् सांगून जावं ना माणसानं." त्यांनी मागे पाहिले नाही. मागे पाहायचे कारणच नव्हते, आवाज पुढून आला होता. धुऱ्यावर गाडी आत जाण्यापुरती मोकळी जागा होती. तिथून त्या तुरीत वळल्या.

हरिभाऊ धावले. अंधारात ती मोकळी जागा त्यांना दिसली नाही. रानडुकरांसाठी शेताभोवती विजेच्या झटक्याची तार होती. त्यांची मांडी तारेला लागली. झटक्याने माणूस मरत नाही, पण फेकला जातो. ते पाठीवर पडले. टॉर्च विझला. हातापायांत मुंग्या. आणि तुरीत दोघे बोलत लांब चालले होते.

"पट्टा टोचते का?"

"आता नाई टोचत. तुमी आज लयच विचारपूस करून राह्यले."

मग तिचे हसणे.

हरिभाऊंनी टाळ्या वाजवल्या. दुसरे काय होते त्यांच्यापाशी? दोन्ही हातांनी, सारे बळ एकवटून, थांबा, या, माझी बायको चालली, असे त्या टाळ्यांतून सांगत ते वाजवत राहिले. त्या धुक्यातून टाळ्या पुढच्या मंडळींना ऐकू गेल्या.

त्यांनी काय केले ठाऊक आहे?

साद बंद होती. नाम मनात होते. त्यांना वाटले, हरिभाऊंना राहवले नाही, टाळीवर भजन धरले. एकाने टाळी दिली. मग दुसऱ्याने. मग साऱ्या ओळीने ठेका धरला. टाळ्यांमागून टाळ्या. भजनाच्या ठेक्यात. हळूहळू लांब जाणाऱ्या.

हरिभाऊंचे हात खाली आले.

तू विचारणारच होतास, सुमीत. होता, फोन होता. त्यांनी खिशातून काढला, मनोहररावांना लावला. मनोहररावांनी उचलला. "बोला हरिभाऊ." हरिभाऊ फोन तोंडाशी धरून नुसते श्वास घेत होते. "हरिभाऊ? काय झालं?" आणि मग मनोहरराव म्हणाले, "बरं, बरं. या सावकाश." फोन बंद झाला.

मनोहररावांनी पुढे पादुकांवर हात ठेवून सांगितले आहे. फोनवर हरिभाऊ स्पष्ट बोलले होते. आधी खाकरले. मग म्हणाले, "काई नाई. आमी येतोच दोघं मांगून. तुमी व्हा पुढं."

उरलेली रात्र हरिभाऊंनी तुरीत काढली. ओळीतून ओळ. सगळ्या ओळी सारख्या. कधी बोलणे डावीकडून येई, कधी मागून. एकदा तर इतके जवळून आले, की हात घातला तर शाल हाताला लागेल. त्यांनी हात घातला. पानेच आली हाताला. पुढे बोलणेही येईनासे झाले.

उजाडताना मंडळी परत फिरून शोधायला आली. इंदिराबाई शेताच्या पलीकडे कालव्याच्या पाळीवर बसल्या होत्या. शाल नीट लपेटलेली. चेहरा तृप्त, जेवून उठलेल्या माणसासारखा. तुरीतून रक्ताळलेले हात आणि फाटका सदरा घेऊन हरिभाऊ बाहेर आले, तेव्हा त्या म्हणाल्या, "अगाई, हे काय करून घेतलं? तुमी आता इथंच तं होते माह्याजवळ."

इंदिराबाईंनी पादुकांवर पाणी घातले. हरिभाऊंनी जे मागितले होते ते देवाने दिले, असेच म्हणावे लागेल. घरीही सुखरूप आल्या.

वर्ध्याला डॉक्टरांनी हरिभाऊंच्या घशात नळी घालून पाहिले. दोष काही नाही म्हणाले. धक्का आहे, येईल आवाज. पौष संपला, आवाज आला नाही. इंदिराबाईंना त्याचे फार दुःख नव्हते, आणि हेच हरिभाऊंना कळेना. दिवसभर नवरा मुका, आणि ही बाई गुणगुणत भाजी निवडते. मग एका रात्री कळले.

ते जागे होते. शेजारी इंदिराबाई अंधारात डोळे उघडे ठेवून पडल्या होत्या. आणि मधूनच म्हणत होत्या, "हं... हो ना... मंग?" थोडे थांबून, "नाई जी, आता कुठं दुखते?" मग हसत. बोलणाऱ्याचे बोलणे हरिभाऊंना ऐकू येत नव्हते. फक्त तिचे उत्तर.

रोज रात्री.

त्यांनी पाटी आणली. वळणदार अक्षरात लिहिले: "ओ देऊ नकोस. तो मी नाही."

इंदिराबाईंनी पाटी उजेडात धरून वाचली. मग नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिले. पुष्कळ वेळ पाहिले. दारात आलेल्या परक्या माणसाकडे पाहावे तसे.

"मंग तुमी कोण?"

हरिभाऊंनी खडू उचलला. पाटी तशीच राहिली.

त्या दिवसापासून ते रात्री तिचा हात हातात धरून बसू लागले. देवघरात अखंड दिवा ठेवला. दाराला आतून कडी, कडीला कुलूप, किल्ली आपल्या कमरेला. नाम घेता येत नव्हते, म्हणून मणी ओढत. माळेवर माळ. ज्याला आयुष्यभर हाक मारली त्याला आता मुक्याने कसे बोलवावे, एवढाच प्रश्न. देव मुक्याचेही ऐकतो म्हणतात. ऐकत असेलच.

माघ वद्य द्वादशीची रात्र होती. एकादशीचा निर्जळी उपास त्यांनी द्वादशीच्या सकाळी सोडला होता, अंगात त्राण नव्हते. पहाटे कधीतरी डोळा लागला. क्षणभरच, असे ते लिहून सांगतात.

जाग आली तेव्हा हातात हात नव्हता. गोधडीचे टोक होते.

कुलूप उघडून कोयंड्यात नीट अडकवलेले होते. किल्ली त्यांच्या कमरेलाच होती.

दार सताड उघडे. अंगणात अजून अंधार. रस्त्यावर कुत्रेही भुंकत नव्हते. इंदिराबाईंच्या वहाणा दारात जागच्या जागी होत्या. त्यांनी गल्ली पाहिली. विहीर पाहिली. मनोहररावांकडे गेले, दार बडवले. पोलिसांनी पाहिले, गुणवंताने सारे शिवार पाहिले. तेव्हापासून पाहतच आहेत.

पण त्या पहाटे, कोणाला बोलवायला जाण्याआधी, हरिभाऊ परत वळून स्वयंपाकघरात गेले होते. ओट्यावर चहाचे पातेले होते. आणि खाली, दोन पाट समोरासमोर मांडलेले होते, सणावारी मांडतात तसे. प्रत्येक पाटापुढे एक कपबशी.

दोन्ही कप रिकामे होते.

त्यांनी एकाला हात लावून पाहिला. मग दुसऱ्याला.

दोन्ही अजून गरम होते.